नागरिकत्वाच्या रकान्यात काय लिहावे?

अमेरिकेत लहानाचे मोठे झालेल्या, तेथील शाळेत बारा यत्ता शिकलेल्या, परंतु त्या देशात राहण्याचा कायदेशीर परवाना हाती नसलेल्या मुलास कॉलेजच्या शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून साहाय्य मिळावे किंवा कसे, हा वाद तेथे जवळजवळ पाव शतक चालू आहे. तो आणखी किती वर्षे चालेल याचा अदमास बांधणे हे राजकारणी मंडळींचे काम होय. परंतु ज्या घरातील मुलगी आज अकरावीत आहे आणि जिचे अर्ज येत्या शरदऋतूत जावयाचे आहेत, त्या घराला वादाच्या निकालाची वाट पाहत बसण्याची सवड नसते. प्रस्तुत विवेचन अशा घरांसाठी आहे. तसेच पुण्या-सांगलीतील ज्या काका-मामांकडे अशा वेळी जन्माच्या दाखल्याची किंवा पैशाची मागणी येते, आणि नेमके काय घडले आहे हे ज्यांस कोणी धड सांगत नाही, त्यांच्यासाठीही आहे.

हा प्रश्न आपल्या लोकांचा नव्हे, तो दक्षिणेची सरहद्द ओलांडून आलेल्यांचा, अशी समजूत आपल्या मंडळांत आणि संमेलनांत सर्रास आढळते. प्यू संशोधन केंद्राने २०२२ सालासाठी भारतातून आलेल्या, परवाना नसलेल्या लोकांची संख्या सुमारे ७ लाख २५ हजार धरली होती. अमेरिकन सरकारचा स्वतःचा अंदाज याहून पुष्कळच कमी आहे. तथापि धाकटा आकडा खरा मानला तरी तो लाखांतच मोजावा लागतो. मध्यमवर्गीय घरावर ही पाळी येते ती बहुधा गाजावाजा न होता. पर्यटक म्हणून आलेल्या कुटुंबाची मुदत संपते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या गृहस्थाची नोकरी सुटते आणि दुसरी शोधण्यासाठी मिळणारे साठ दिवस मुलाखती देण्यातच सरतात. किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेत बाप पंधरा वर्षे तिष्ठत असता मुलगा एकवीस वर्षांचा होतो आणि बापाच्या अर्जावरून त्याचे नाव गळते.

म्हणून पहिले काम हे, की मुलाची आजची कायदेशीर स्थिती कोणती, हे अनुमानाने नव्हे तर कागद समोर ठेवून ठरवावे. मूल अमेरिकेत जन्मलेले असून केवळ आईबापांपाशी परवाना नाही, ही एक स्थिती. मूल एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी धारकाच्या कुटुंबियांच्या व्हिसावर, वैधपणे राहत आहे, ही दुसरी. परवाना मुळातच नाही किंवा होता तो संपला, ही तिसरी. आणि आश्रयाचा अर्ज दाखल होऊन प्रलंबित आहे, ही चौथी. या चौघांस शेजारीपाजारी एकच सल्ला देतात, आणि तो चौघांपैकी निदान तिघांच्या बाबतीत चुकीचा असतो.

त्यानंतर प्रश्नाचे तीन भाग पाडावेत: प्रवेश, फी आणि मदत. वर्तमानपत्री वादात हे तिन्ही एकत्र कालविले जातात. परंतु प्रत्येकाचा कायदा निराळा, कचेरी निराळी आणि नकार आला तर दाद मागण्याची जागाही निराळी आहे.

प्रवेशाविषयी फार लिहावयास नको. १९८२ साली प्लायलर विरुद्ध डो या टेक्सासमधील खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला, की परवाना नाही एवढ्याच कारणावरून कोणत्याही मुलास सरकारी शाळेबाहेर ठेवता येणार नाही; परंतु त्या निर्णयाचे छत्र बारावीच्या पुढे जात नाही. कॉलेजात अशा विद्यार्थ्यास घेऊ नये असे केंद्राच्या कायद्यात कोठेही म्हटलेले नाही, आणि बहुसंख्य राज्यांतील कॉलेजे त्यास घेतातही. अपवाद लक्षात ठेवावेत: साउथ कॅरोलिनाने २००८ साली कायदा करून आपल्या सरकारी कॉलेजांची दारे त्यास बंद केली, आणि जॉर्जियाच्या विद्यापीठ-मंडळाने २०१० साली ठराव करून निवडक प्रवेश देणाऱ्या आपल्या संस्थांत त्यास मज्जाव केला. अटलांटाच्या परिसरातील कुटुंबांनी अर्जाची फी भरण्यापूर्वी त्या ठरावाची आजची व्याप्ती पाहून घ्यावी.

खरी मेख फीमध्ये आहे. सरकारी विद्यापीठात राज्याच्या रहिवाशास एक दर असतो आणि बाहेरच्यास दुसरा. कॅलिफोर्निया विद्यापीठात या दुसऱ्या दरापायी वर्षाला ३४,००० डॉलरांहून अधिक जादा भरावे लागतात, आणि ही रक्कम चार वर्षे भरणे हे नोकरीचा परवाना नसलेल्या कुटुंबाच्या आवाक्यातले नव्हे. १९९६ साली काँग्रेसने अशी तरतूद केली, की जो लाभ दुसऱ्या राज्यातील अमेरिकन नागरिकास मिळत नाही, तो केवळ रहिवासाच्या आधारावर परवाना नसलेल्या इसमास राज्याने देऊ नये. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याने मात्र अशी मुभा ठेवली, की २२ ऑगस्ट १९९६ नंतर स्वतंत्र कायदा करून राज्याने आपला इरादा स्पष्ट शब्दांत नोंदविला, तर आपल्या खजिन्यातून त्यास असे लाभ देता येतील. या दोन कलमांमधल्या अरुंद वाटेवरून आजवरचे सर्व सवलतीचे कायदे चालत आले आहेत.

पहिला कायदा टेक्सासने २००१ साली केला, त्यावर रिपब्लिकन पक्षाच्या गव्हर्नर रिक पेरी यांची सही होती; त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने एबी ५४० म्हणून ओळखला जाणारा कायदा केला. कॅलिफोर्नियाच्या मसुदाकारांचे चातुर्य असे, की त्यांनी रहिवास हा शब्द टाळून शाळेतील हजेरी ही कसोटी धरली: त्या राज्याच्या हायस्कुलात जो तीन वर्षे शिकला आणि तेथून उत्तीर्ण झाला, त्यास सवलत. मग तो परवाना नसलेला असो, की तीन वर्षे तेथे शिकून पुढे नेवाडात जाऊन राहिलेला अमेरिकन नागरिक असो. बाहेरच्या राज्यातील विद्यार्थ्यांनी या कायद्याविरुद्ध फिर्याद केली तेव्हा २०१० साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, सवलत रहिवासावर नसून हजेरीवर आहे, याच कारणास्तव तो वैध ठरविला, आणि पुढील वर्षी केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्याचे नाकारले. टेक्सासच्या कायद्याची भिस्त रहिवासावर अधिक होती, आणि त्याची गत निराळी झाली. ४ जून २०२५ रोजी केंद्राच्या न्यायखात्याने टेक्सासवर दावा लावला, त्याच दिवशी राज्याने तो कबूल केला, आणि त्याच दिवशी न्यायाधीशांनी संमतीचा हुकूमनामा देऊन चोवीस वर्षांची वहिवाट मोडीत काढली. ज्यांचे हित त्यात गुंतले होते त्या विद्यार्थ्यांना आपले म्हणणे मांडण्यासाठी अर्ज करावा लागला तो त्यानंतर. वादी आणि प्रतिवादी एकाच बाजूचे असलेला असा दावा कायद्यात बसत असेलही, परंतु न्यायाच्या रूढ कल्पनेत तो सहज बसत नाही, असे मला नमूद करावेसे वाटते. फ्लोरिडाने २०१४ सालची आपली सवलत तेथील विधिमंडळातच रद्द केली आणि १ जुलै २०२५ पासून ती संपली. २०२५ सालीच केंटकी, मिनेसोटा, ओक्लाहोमा, इलिनॉय आणि कॅलिफोर्निया यांच्यावरही न्यायखात्याने दावे दाखल केले.

या सर्व इतिहासातून घरातील माणसाने घ्यावयाचा बोध असा, की शाळेचे कागद जपून ठेवावेत. कोणत्या वर्षी कोणत्या शाळेत कोणती यत्ता, किती हजेरी, उत्तीर्ण झाल्याची तारीख कोणती, यांचे शिक्कामोर्तब असलेले उतारे बारावी संपण्यापूर्वीच मागवावेत. सवलतीच्या अर्जासोबत बहुतेक राज्यांत एक प्रतिज्ञालेख द्यावा लागतो, ज्यात आपण कायदेशीर परवाना मिळण्यास पात्र होताच त्यासाठी अर्ज करू, असे लिहून द्यावयाचे असते. त्या कागदाची धास्ती घेण्याचे कारण नाही. विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदी त्याच्या संमतीवाचून उघड करण्यास १९७४ च्या कायद्याने निर्बंध आहे. न्यायालयाचा हुकूम आल्यास मात्र तो निर्बंध टिकत नाही, हेही जाणून असावे.

आता मदत. केंद्र सरकारचे अनुदान, कर्ज आणि कामाची योजना ही १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याखालची आहेत, आणि ती नागरिक, ग्रीन कार्डधारक, निर्वासित व अशा काही ठरावीक वर्गांपुरतीच आहेत. परवाना नसलेल्यास ती मिळत नाहीत. २०१२ साली ओबामांनी सुरू केलेल्या, लहानपणी आणलेल्या मुलांना हद्दपारीपासून तात्पुरते अभय देणाऱ्या डॅका योजनेतील मुलांसही मिळत नाहीत. आणि आपल्याकडील पुष्कळांना जे ऐकून धक्का बसतो ते हे, की एच-४ वरील मुलासही मिळत नाहीत. तेव्हा या तिघांनी फॅफ्सा नावाचा केंद्राचा अर्ज भरून पेल अनुदानाची, म्हणजे २०२५-२६ सालच्या जास्तीत जास्त ७,३९५ डॉलरांची, आशा धरू नये. राज्यांची गोष्ट वेगळी आहे. कॅलिफोर्नियाने २०११ साली जेरी ब्राउन यांच्या सहीने ड्रीम ॲक्ट म्हणून ओळखले जाणारे दोन कायदे करून प्रथम खाजगी देणग्यांतून व नंतर राज्याच्या निधीतून मदत खुली केली, आणि तिच्यासाठी फॅफ्साऐवजी ड्रीम ॲक्टचा स्वतंत्र अर्ज ठेवला. न्यू जर्सीने फीची सवलत २०१३ साली दिली, परंतु मदत दिली ती २०१८ साली. न्यूयॉर्कने मदत २०१९ साली दिली. वॉशिंग्टन राज्यात ती २०१४ पासून आहे. इलिनॉयचा मदतीविषयीचा राइझ कायदा २०२० च्या जानेवारीपासून अमलात आला. या प्रत्येक राज्याचा अर्ज निराळा आणि मुदतही निराळी. पात्र विद्यार्थी मदतीस मुकतो तो पुष्कळदा कायद्यामुळे नव्हे, तर आपण फॅफ्साला अपात्र म्हणजे सर्वच मदतीला अपात्र, असे गृहीत धरून राज्याचा अर्जच न भरल्यामुळे.

मूल अमेरिकन नागरिक आणि आईबाप परवान्याविना, अशा मिश्र घरांनी तर फॅफ्सा अवश्य विचारात घ्यावा, कारण तेथे पात्रता मुलाची पाहतात, आईबापांची नव्हे. न्यू जर्सीत अशाच एका मुलीस राज्याचे अनुदान नाकारले गेले तेव्हा २०१२ साली तेथील अपील न्यायालयाने तो नकार रद्द केला. त्याच वर्षी फ्लोरिडातील केंद्रीय न्यायालयाने अशा मुलांना बाहेरच्यांची फी आकारणे घटनाबाह्य ठरविले. ज्या आईबापांपाशी सामाजिक सुरक्षा क्रमांक नाही त्यांना आता क्रमांकाविना खाते उघडून आपला भाग भरता येतो. भीती आहे ती आपले नाव व पत्ता केंद्राच्या दप्तरी जाण्याची. आणि एप्रिल २०२५ मध्ये करखात्याने आपली माहिती स्थलांतर खात्यास देण्याचा करार केल्यापासून ती भीती निराधार म्हणता येत नाही. ज्या घराचा पत्ता सरकारी दप्तरात आधीपासूनच आहे त्याला नव्या अर्जाने फारसे नवे संकट ओढवत नाही. ज्याचा नाही, त्याने वकिलास विचारूनच पाऊल टाकावे. कॅलिफोर्नियात अशा मिश्र घरातील मुलास निदान राज्याच्या मदतीपुरता ड्रीम ॲक्टचा अर्ज भरण्याची मोकळीक आहे. मात्र त्या मार्गाने पेल अनुदान मिळत नाही.

खाजगी संस्थांचा मार्ग अवघड असला तरी तुलनेने सरळ आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि ॲमहर्स्ट या संस्था प्रवेश देताना अर्जदाराची सांपत्तिक ऐपत पाहत नाहीत आणि निवड झालेल्याची संपूर्ण गरज भागवितात, त्यात नागरिकत्वाचा भेद करीत नाहीत. परंतु तेथे निवड होणे ही गोष्टच किती दुर्मीळ हे सांगावयास नको. इतर खाजगी कॉलेजांना पत्र लिहून एक प्रश्न नेमका विचारावा: परवाना नसलेल्या, पण अमेरिकन हायस्कुलातून आलेल्या विद्यार्थ्यास आपण स्वदेशी अर्जदारांत मोजता की परदेशी अर्जदारांत? परदेशी गटासाठी मदतीचा निधी बहुधा तुटपुंजा असतो, त्यामुळे या एका उत्तरावर पुढचे सारे अवलंबून राहते. पुष्कळ खाजगी कॉलेजे मदतीसाठी मागतात त्या सीएसएस प्रोफाइल या अर्जास सामाजिक सुरक्षा क्रमांक लागत नाही. वॉशिंग्टन पोस्टचे माजी प्रकाशक डोनाल्ड ग्रॅहम यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली द-ड्रीम-डॉट-यूएस ही संस्था २०१४ पासून केवळ अशा विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या देते, आणि सॅन फ्रान्सिस्कोची इमिग्रंट्स रायझिंग ही संस्था नागरिकत्वाची अट नसलेल्या शिष्यवृत्त्यांची यादी तयार करते.

या सर्व अर्जांच्या बाबतीत एक गोष्ट अशी आहे, की जिच्याविषयी कितीही वेळा सांगितले तरी पुनरुक्तीचा दोष लागू नये. नागरिकत्वाच्या रकान्यात खोटे लिहू नये. 'अमेरिकन नागरिक' या चौकोनात केलेली एक खूण, ती घाईने असो, शाळेतील मार्गदर्शकाच्या भाबड्या सल्ल्याने असो, किंवा संगणकाने अन्य पर्यायच दाखविला नाही म्हणून असो, ३० सप्टेंबर १९९६ पासूनच्या कायद्याप्रमाणे खोटा दावा ठरू शकते, आणि तसा दावा ज्याने कोणत्याही लाभासाठी केला त्यास ग्रीन कार्डाचा मार्ग आजन्म बंद होतो. त्यास माफीची तरतूद जवळजवळ नाही. मुदत संपून राहणे हा दोष पुढे विवाहाने किंवा अन्य कारणाने कधीकाळी धुऊन निघू शकतो. हा दोष निघत नाही. रकाना रिकामा ठेवता येत असल्यास रिकामा ठेवावा. सामाजिक सुरक्षा क्रमांक नसल्यास मित्राचा किंवा मनाने रचलेला घालू नये. कॉमन ॲप या सामायिक अर्जात तो क्रमांक ऐच्छिकच आहे. चूक होऊन गेली असेल तर ती कोणी दाखविण्यापूर्वी वकिलाच्या सल्ल्याने लेखी दुरुस्त करावी.

एच-४ वरील मुलांचा मामला याहून चमत्कारिक आहे. ज्या मराठी घरांना हा वाद आपल्या अंगणातला वाटत नाही, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या मुलांना त्याची सर्वांत चमत्कारिक बाजू सोसावी लागते. कॅलिफोर्नियात एच-४ वरील मुलास रहिवासाच्या साध्या नियमाने राज्याचा दर मिळू शकतो. परंतु एबी ५४० चा लाभ वैध तात्पुरत्या व्हिसाधारकांना काही अपवाद वगळता नाही. डॅकाची अट अशी होती, की १५ जून २०१२ रोजी अर्जदाराजवळ कोणताही वैध परवाना नसावा. म्हणजे ज्यांच्या आईबापांनी प्रत्येक मुदतवाढ वेळेवर करून घेतली, तीच मुले त्या योजनेतून बाहेर राहिली. (आणि आता २०२१ च्या जुलैपासून न्यायालयीन हुकुमामुळे त्या योजनेत नव्यांना जागा मिळणेही बंद पडले आहे.) एकविसावा वाढदिवस उलटला, की एच-४ संपतो, मुलास एफ-१ हा विद्यार्थी-व्हिसा घ्यावा लागतो, आणि बारा वर्षे त्याच गावात शिकलेला मुलगा विद्यापीठाच्या दप्तरात परदेशी विद्यार्थी होऊ शकतो. याचे मूळ दर देशास ७ टक्के ग्रीन कार्डे या मर्यादेत आहे. २००२ च्या एका कायद्याने मुलाच्या वयातून वडिलांचा ग्रीन कार्डासाठीचा आय-१४० अर्ज जितके दिवस प्रलंबित होता तितके दिवस वजा करता येतात. परंतु १५ ऑगस्ट २०२५ पासून ही गणना, ग्रीन कार्डाच्या पाळीच्या तारखा दाखविणाऱ्या व्हिसा-पत्रकातील उशिराच्या तक्त्यावरून होऊ लागली आहे, त्यामुळे पूर्वी जी मुले काठावर तरत होती त्यांतील काही बुडतील. ज्यांचे मूल सतरा-अठरा वर्षांचे आहे त्यांनी ही वजाबाकी आजच कागदावर करावी, आणि कॉलेज निवडताना तिसऱ्या व चौथ्या वर्षाची फी परदेशी दराने भरावी लागल्यास झेपेल काय, हे आधी पाहावे. आपली तिसरी मुदतवाढ आहे म्हणून सर्व ठीक आहे, असे समजणाऱ्या गृहस्थांना हे सांगताना मला नेहमी संकोच वाटतो, पण सांगणे भाग आहे.

वादाच्या दोन्ही बाजू ऐकलेल्या बऱ्या, कारण त्या आपल्याच जेवणाच्या टेबलावर मांडल्या जातात, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे असलेले लोकच विरोधकांत बहुधा पुढे असतात. निधी मर्यादित आहे, शेजारच्या राज्यातील नागरिकाच्या मुलास जे नाकारले ते नियम मोडणाऱ्याच्या मुलास का द्यावे, आणि याने आणखी लोकांना नियम मोडण्याचे उत्तेजन मिळणार नाही काय, हे त्यांचे आक्षेप केवळ द्वेषमूलक म्हणून उडवून लावण्यासारखे नाहीत. उलट पक्षी, उदारमतवादी वळणाच्या एका करविषयक संशोधन संस्थेच्या हिशेबाप्रमाणे परवाना नसलेल्या लोकांनी २०२२ साली ९६.७ अब्ज डॉलर कर भरला; आणि राज्याने ज्या मुलावर बारा वर्षे खर्च केला त्यास ऐन पदवीच्या उंबरठ्यावर अडविण्यात राज्याचाही व्यापार तोट्याचाच होतो. मला फीच्या सवलतीची बाजू निर्विवाद बळकट वाटते, कारण तेथे मुलगा पैसे भरतोच, फक्त शेजारच्या मुलाइतके भरतो. रोख अनुदानाच्या बाबतीत प्रत्येक राज्याने आपल्या तिजोरीकडे पाहून ठरवावे, हे म्हणणेही मला समजू शकते. तीन वर्षांच्या मुलाला विमानात कोणी बसविले, याची शिक्षा त्या मुलाला देण्याचा युक्तिवाद मात्र मला कधीच पटलेला नाही.

पदवीनंतर काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो प्रवेशाच्या आधी विचारावा. १९८६ च्या कायद्याने परवाना नसलेल्यास नोकरीस ठेवण्याची मालकास मनाई आहे. पदवीने ती उठत नाही. व्यवसायाच्या सनदेची गोष्ट राज्यावर अवलंबून आहे: कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या जानेवारीत परवाना नसलेल्या एका उमेदवारास वकिलीची सनद दिली आणि त्याच वर्षी त्या राज्याने इतर व्यवसायांच्या सनदाही खुल्या केल्या. तेव्हा परिचर्या किंवा लेखापालनाचा अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी आपल्या राज्याच्या सनद-मंडळाचा नियम वाचावा.

वकील पाहावा तो बारावीच्या वर्षी, आणि तो सनदी वकील असावा किंवा न्यायखात्याने मान्यता दिलेला प्रतिनिधी असावा. अर्ज भरून देणारे दलाल आणि नोटरी यांना कायद्याचा सल्ला देण्याचा अधिकार नाही. ही घाई कशासाठी, तर परवान्याविना काढलेले दिवस मुलाच्या अठराव्या वाढदिवसापासून मोजले जाऊ लागतात. त्यापुढे १८० दिवसांहून अधिक काळ राहून जो देश सोडतो त्यास तीन वर्षे, आणि एक वर्ष वा त्याहून अधिक राहून सोडतो त्यास दहा वर्षे परत येण्याची बंदी होते. कित्येक घरांत अमेरिकेतील फी परवडत नाही म्हणून मुलास भारतात पाठविण्याचा बेत ठरतो, आणि तो वाईट बेत नव्हे. परंतु साडेअठरा वर्षे भरण्यापूर्वी जाणे आणि दुसरा उन्हाळा अमेरिकेतच काढून मग जाणे, यांत दहा वर्षांचे अंतर पडते. बेत तसा असेल तर वकिलातीतून पारपत्र नवे करून घ्यावे, महानगरपालिकेतून जन्माचा दाखला मागवावा, आणि अमेरिकन बारावीस समकक्षतेचे प्रमाणपत्र देणाऱ्या भारतीय विश्वविद्यालय संघाकडे आधी अर्ज करून, मगच विमानाचे तिकीट काढावे.